आभाळ पाहून गाणे: ऋतुमानाप्रमाणे ऐकण्याची सवय कशी लावावी

पावसाची झड लागली की आपण ज्या गाण्यांकडे वळतो, तीच गाणी भर उन्हाळ्याच्या दुपारी लावली तर बहुतेक वेळा दोन मिनिटांत बंद करावीशी वाटतात. गाणे तेच असते, गळा तोच असतो, ऐकणारे कानही तेच असतात. मग बदलते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना पुष्कळ जण गाण्याच्या शब्दांकडे पाहतात आणि ज्या गाण्यात ढग, सरी, वीज असेल ते पावसाळ्याचे गाणे असे ठरवून मोकळे होतात. माझा अनुभव वेगळा आहे. शब्दांत पावसाचा थेंबही नसलेली कितीतरी गाणी पावसात विलक्षण खुलतात, आणि शब्दाशब्दांत पाऊस असलेली काही गाणी बाहेर खरा पाऊस सुरू होताच फिकी पडतात. ऋतू शब्दांपेक्षा गाण्याच्या लयीत, स्वरांच्या उंचीत आणि दोन स्वरांमधल्या मोकळ्या जागेत अधिक असतो, अशी माझी पक्की समजूत आहे आणि पुढील सर्व सूचना त्याच समजुतीवर उभ्या आहेत.

वहीपासून सुरुवात करावी

प्लेलिस्ट तयार करण्याची घाई करू नये. त्याआधी किमान तीन आठवडे, आणि शक्य असल्यास एका ऋतूच्या अखेरीपासून दुसरा ऋतू नीट स्थिरावेपर्यंत, एक साधी वही ठेवावी. संगीत लावले की दर वेळी तिच्यात एक ओळ लिहावी: वेळ कोणती, आभाळ कसे आहे, हवेत उकाडा आहे की गारवा, वारा सुटला आहे की पडला आहे, खोलीत उजेड किती आहे, आपण काय करत आहोत आणि काय लावले. याखेरीज आणखी एक गोष्ट न चुकता लिहावी, ती म्हणजे लावलेले संगीत शेवटपर्यंत ऐकले की मध्येच बंद केले. माझ्या मते वहीतली सर्वांत उपयोगी नोंद हीच असते, कारण आपल्या आवडीनिवडीबद्दल आपण स्वतःशीही थोडे वाढवून बोलतो. बंद करायला पुढे झालेला हात मात्र खरे तेच सांगतो.

माझ्या वहीतील एका दिवसाच्या दोन नोंदी उदाहरणादाखल देतो. दुपारी चार: मळभ, वारा पूर्ण पडलेला, अंगाला चिकटणारी हवा; सतारीचा आलाप लावला, सहा मिनिटांनी बंद केला. रात्री आठ: सर येऊन गेली, खिडकीच्या गजांवरून अजून थेंब गळत आहेत, तेच ध्वनिमुद्रण, तोच आलाप, शेवटपर्यंत ऐकला. या दोन नोंदींच्या मध्ये वादक बदलला नव्हता, राग बदलला नव्हता, स्पीकरही बदलला नव्हता. दुपारी शरीर आधीच मंदावलेले होते आणि आलापाची संथ गती त्या मंदपणावर आणखी ओझे टाकत होती. सर पडून गेल्यावर हवा हलकी झाली, श्वास मोकळा झाला आणि तीच संथ गती विसाव्यासारखी वाटू लागली. अशा आठ-दहा जोड्या वहीत जमल्या की आपल्यावर हवामानाचा परिणाम कोणत्या बाजूने होतो ते हळूहळू दिसू लागते. कोणाला उकाडा छळतो, कोणाला अंधारून आलेले आभाळ, तर कोणाला सतत वाहणारा वारा; यात दुसऱ्याचा नियम आपल्याला लागू पडत नाही.

तरीही मोठ्या समूहांचे काही कल अभ्यासातून दिसलेले आहेत आणि ते जाणून घेण्यासारखे आहेत. २०२३ मध्ये ‘रॉयल सोसायटी ओपन सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रिटनच्या १९५३ ते २०१९ या काळातील साप्ताहिक लोकप्रियता-याद्यांमधील २३,००० हून अधिक गाणी तेथील हवामानाच्या नोंदींशी ताडून पाहिली होती. उत्साही, आनंदी आणि नाचावेसे वाटणारी गाणी उबदार दिवसांत अधिक चालतात व पावसाळी दिवसांत मागे पडतात, असे त्यात दिसले. उदास आणि संथ गाण्यांचा मात्र हवामानाशी तसा संबंध आढळला नाही. हा दुसरा निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो. दुःखाचे गाणे माणूस आपापल्या आयुष्यातील कारणाने लावतो, त्यासाठी त्याला आभाळ भरून येण्याची वाट पाहावी लागत नाही. पहिला निष्कर्ष स्वीकारताना मात्र थोडे सावध राहावे. ब्रिटनमध्ये उबदार दिवस म्हणजे घराबाहेर पडण्याचा दिवस असतो. जिथे पारा चाळीस अंशांवर जातो तिथे उष्ण दिवस माणसाला घरात कोंडतो. ‘उबदार’ आणि ‘उष्ण’ या दोन शब्दांत जे अंतर आहे तेच त्या दोन ठिकाणच्या ऐकण्यातही असणार.

उकाड्यात गती हळूहळू बदलावी

उन्हाळ्यासाठी संगीत निवडताना पहिला प्रश्न लयीचा असतो. सहज चालताना माणसाची पावले मिनिटाला साधारण १०० ते १२० पडतात, आणि विसावलेल्या माणसाची नाडी बहुधा ६० ते ८० च्या आसपास असते. या दोन आकड्यांच्या दरम्यान कुठेतरी आपले त्या क्षणीचे शरीर असते. उकाड्याने गळून गेलेल्या माणसाला एकदम द्रुत ठेक्याचे गाणे ऐकवले तर ते अंगावर येते, आणि अतिविलंबित काही लावले तर तो आणखी सुस्तावतो. म्हणून आधी शरीराच्या गतीला जुळणारे, मध्यलयीकडे किंचित झुकणारे काहीतरी लावावे आणि मग दर दोन-तीन रचनांनंतर लय एकेक पायरी वर न्यावी किंवा, झोप हवी असेल तर, खाली आणावी. हे करायला फार संगीतज्ञान लागत नाही. टेबलावर बोटाने ठेका धरून घड्याळाकडे पाहत पंधरा सेकंदांतील ठोके मोजावेत आणि त्यांची चौपट करावी, एवढे पुरते.

दुसरा प्रश्न नादाचा. तीव्र उन्हात उंच पट्टीतले, चकचकीत नादाचे संगीत लवकर थकवते, असे मला अनेक उन्हाळ्यांत जाणवले आहे. झांजांचा सततचा झणत्कार, पितळी वाद्यांचा ताफा, एकावर एक रचलेले आवाज हे सर्व दुपारी नकोसे होते आणि दिवस मावळल्यावर तेच पुन्हा हवेसे वाटते. दुपारी वाद्ये कमी असावीत, मंद्र सप्तकात, म्हणजे खालच्या स्वरांत, फिरणारा गळा किंवा एखादे तंतुवाद्य असावे, आणि रचनेत श्वास घ्यायला जागा असावी. ध्वनिमुद्रणात उंच स्वर फार टोचत असतील तर इक्वलायझरमध्ये, म्हणजे उंच-खालचे स्वर कमी-जास्त करण्याच्या सोयीत, वरची पट्टी थोडी खाली आणावी. तेवढ्या एका बदलाने खोलीतला उकाडा कमी होत नाही हे खरे, पण कानांवरचा ताण नक्कीच कमी होतो.

पावसात आधी पाऊस ऐकावा

पाऊस हा असा ऋतू आहे की तो स्वतःच आवाज घेऊन येतो, म्हणून त्याचा विचार जरा सविस्तर करायला हवा. संगीत लावण्यापूर्वी पाच मिनिटे खिडकी उघडून नुसता पाऊस ऐकावा. रिपरिप, भुरभुर, सर, झड, मुसळधार हे शब्द आपल्याकडे आहेत ते उगाच नाहीत; त्यांतील प्रत्येकाचा नाद निराळा असतो. रिपरिप पानांवर पडते तेव्हा तिचा आवाज अखंड आणि मऊ असतो. पत्र्यावर कोसळणाऱ्या मुसळधार पावसात सगळे स्वर एकदम मिसळलेले असतात आणि त्या गदारोळात संगीतातील नाजूक भाग बुडून जातात. कोणता भाग बुडतो आणि कोणता वर तरंगतो, हे ओळखणे म्हणजे पावसाळी ऐकण्याचे अर्धे कसब.

याचा साधा नियम असा सांगता येईल. ज्या वाद्यांचा स्वर आघाताने किंवा छेडण्याने उमटतो, म्हणजे सतार, सरोद, संतूर, पियानो, तबला, त्यांच्या प्रत्येक स्वराला टोकदार सुरुवात असते आणि ती पावसाच्या सलग आवाजातूनही कानापर्यंत पोचते. उलट बासरीची फुंकर, हळू आवाजातले गायन, आलापातली सूक्ष्म मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे) यांना पाऊस झाकून टाकतो. त्यामुळे जोराच्या पावसात छेडलेली किंवा ठोकलेली वाद्ये निवडावीत आणि रिपरिप सुरू असताना गळा किंवा बासरी. संथ रिपरिप तर मला तंबोऱ्यासारखी वाटते: ती स्वतः काही सांगत नाही, पण गाणाऱ्याच्या मागे उभी राहते.

पावसाचा आवाज वाढला म्हणून संगीताचा आवाज वाढवत नेणे ही मात्र वाईट सवय आहे, विशेषतः हेडफोनवर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल इतक्या पातळीचे ऐकणे आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानले जाते, आणि पातळी वाढेल तसा हा वेळ झपाट्याने कमी होतो. पाऊस संगीतावर मात करू लागला तर खिडकी लावावी, रचना बदलावी, किंवा काही वेळ संगीत बंद करून पावसालाच मैफल करू द्यावी.

हिंदुस्थानी संगीतात मल्हार रागाचे प्रकार पावसाळ्याशी जोडलेले आहेत, तसे वसंत आणि बहार हे राग वसंत ऋतूशी. एरवी रागाला दिवसाचा किंवा रात्रीचा ठरावीक प्रहर असतो. ऋतुरागांना मात्र त्यांच्या ऋतूत कोणत्याही प्रहरी गाण्याची मोकळीक परंपरेने दिली आहे. ऋतू हा घड्याळापेक्षा मोठा मानला गेला, ही गोष्ट मला फार सुंदर वाटते. ऐकणाऱ्याने सुरुवातीला मेघ आणि मियाँ मल्हार हे दोन राग एका मागोमाग ऐकावेत. मेघात गंधार (ग) आणि धैवत (ध) वर्ज्य आहेत, म्हणजे घेतले जात नाहीत. पाचच स्वरांमुळे त्यात एक प्रकारचा विस्तीर्णपणा येतो. मियाँ मल्हारात कोमल, म्हणजे किंचित उतरलेला, गंधार स्थिर उभा राहत नाही, तो आंदोलत राहतो, आणि कोमल व शुद्ध असे दोन्ही निषाद (नी) लागोपाठ येऊन षड्जाकडे, म्हणजे ‘सा’कडे, जातात तेव्हा दाटून राहिलेले काहीतरी सुटल्यासारखे वाटते. यात कोणी पावसाच्या आवाजाची नक्कल करत नाही. पाऊस पडण्यापूर्वीचा दाब आणि पडल्यानंतरची सुटका हीच स्वरांत आणलेली असते. हे दोन राग एकदा आभाळ भरून आलेले असताना आणि एकदा कोरड्या, निरभ्र दिवशी ऐकून वहीत नोंद करावी, म्हणजे रागाचे किती आणि आभाळाचे किती, याचा थोडा अंदाज येतो.

नावाचा परिणामही तपासून पाहण्यासारखा आहे. १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पोलिश संगीतकार शोपँच्या चोवीस प्रील्यूड्सपैकी (पियानोच्या छोट्या रचनांपैकी) पंधराव्याला ‘पावसाचा थेंब’ असे नाव रूढ झाले, पण ते शोपँने दिलेले नाही. त्या रचनेत एक स्वर सतत, सारख्या अंतराने वाजत राहतो. नाव न सांगता ती कोणाला ऐकवली तर एखाद्याला घड्याळ आठवेल, एखाद्याला पावले. नाव कळले की मात्र थेंबच ऐकू येतो. म्हणून पावसाळी म्हणून दिलेली यादी जशीच्या तशी उचलण्यापूर्वी तिच्यातील रचना नाव न पाहता एकदा ऐकाव्यात.

थंडीत हवा आणि वाद्ये कशी वागतात

थंडीच्या रात्री दूरचे गाणे जवळ वाजत असल्यासारखे ऐकू येते, हा भास नाही. रात्री जमीन थंड होते, तिच्या लगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते, आणि ध्वनी उष्ण हवेत अधिक वेगाने जात असल्यामुळे वर निघालेल्या ध्वनिलहरी वाकून पुन्हा खाली येतात. तापलेल्या दुपारी याच्या उलट घडते आणि आवाज वर निघून जातो. त्यामुळे उघड्यावर संगीत ऐकायचे असेल तर शांत, गार, वारा नसलेली रात्र निवडावी आणि आवाज एरवीपेक्षा कमी ठेवावा, कारण तो आपल्या अपेक्षेपेक्षा बराच दूर पोचतो. ताजा, भुसभुशीत बर्फ पडणाऱ्या प्रदेशात परिस्थिती निराळी असते. तो बर्फ आवाज शोषून घेतो आणि आसमंत इतका शांत होतो की एकटे वाद्य पुरेसे होते.

प्रत्यक्ष मैफलीला जाणाऱ्याने वाद्यांवर होणारा परिणामही लक्षात घ्यावा. शून्य अंश सेल्सिअसला ध्वनीचा हवेतील वेग सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो, तर वीस अंशांना तो सुमारे ३४३ मीटर होतो. म्हणून बासरीसारख्या फुंकवाद्याचा स्वर उष्णतेने चढतो, दर अंशाला साधारण तीन सेंट, म्हणजे अर्धस्वराच्या (लगतच्या दोन स्वरांतील सर्वांत लहान अंतराच्या) शंभराव्या भागाच्या तिप्पट. तारांचे उलट असते: धातू तापून किंचित लांबतो, ताण कमी होतो आणि स्वर उतरतो. दमट हवेत तबल्याची पुडी, म्हणजे वरचे कातडे, सैलावते व तिचा स्वर खाली येतो. एका पावसाळी संध्याकाळच्या मैफलीत मी पुढेच बसलो होतो. तबलावादकाने तबल्याच्या बाजूचे लाकडी गट्टे ठोकून स्वर मिळवला, पहिली बंदिश जेमतेम भरली आणि स्वर पुन्हा उतरला. त्याने हातोडी हातात घेतली, गायिकेने षड्ज धरून ठेवला, आणि दोघे एकमेकांकडे न पाहता पुन्हा एका स्वरावर आले. तेव्हापासून मैफलीला वीस मिनिटे आधी जाऊन वाद्ये मिळवताना ऐकण्याची सवय मी लावून घेतली आहे. हवामानाशी कलाकाराची चाललेली ही बोलणी ध्वनिमुद्रणात सहसा सापडत नाहीत.

घरात वाद्य असेल तर गिटार, पियानो यांसारख्या लाकडी वाद्यांसाठी खोलीतील सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवावी. कडक थंडीत हेडफोन व फोनची बॅटरी लवकर उतरते, एवढे लक्षात ठेवले की उपकरणांबद्दल वेगळे काही सांगायला नको.

उजेडाचाही वाटा धरावा

तापमान आणि पाऊस यांच्याइतकाच दिवसाच्या लांबीचाही आपल्या निवडीशी संबंध आहे. २०१९ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेविअर’ मध्ये आलेल्या एका अभ्यासात ५१ देशांतील सुमारे दहा लाख श्रोत्यांनी गाणी ऐकल्याच्या ७६.५ कोटी नोंदी तपासल्या होत्या. रात्री उशिरा लोक शांतवणारे संगीत ऐकतात आणि दिवसा अधिक उत्साहाचे, असा क्रम बहुतेक ठिकाणी दिसला, आणि ऋतूंनुसार होणारा बदल दिवसाच्या लांबीशी व अक्षांशाशी निगडित असल्याचेही दिसले. विषुववृत्ताजवळ दिवस वर्षभर जवळपास सारखा असतो, ध्रुवांकडे जावे तसा तो ऋतूंनुसार फार लहानमोठा होतो. तेव्हा वहीत सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा लिहिण्याची सवय लावल्यास आपल्या पसंतीतील एखादा न उलगडलेला बदल उलगडू शकतो. लहान दिवसांच्या ऋतूत मन सतत खिन्न राहत असेल आणि ते आठवडेच्या आठवडे टिकत असेल, तर केवळ गाणी बदलून भागवू नये, डॉक्टरांना भेटावे.

वर्षभराचा एक सोपा अभ्यास

रशियन संगीतकार चायकॉव्स्कीने १८७५-७६ मध्ये वर्षाच्या बारा महिन्यांसाठी पियानोच्या बारा छोट्या रचना लिहिल्या आणि त्या १८७६ साली सेंट पीटर्सबर्गच्या एका मासिकातून दरमहा एक अशा प्रसिद्ध झाल्या. त्या तशाच ऐकाव्यात: महिन्याला एकच, त्या महिन्यात तीन-चार वेळा, पुढची उघडण्याचा मोह टाळून. इटालियन संगीतकार विवाल्डीच्या १७२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चार ऋतूंच्या व्हायोलिन-रचनांचा उपयोग निराळ्या प्रकारे करावा. त्यांतील ग्रीष्माची रचना उन्हाने ढेपाळलेल्या, जड पावलांच्या संगीताने सुरू होते आणि वादळाने संपते. ती एकदा उन्हाळ्यात व एकदा कडाक्याच्या थंडीत ऐकून पाहावी. उन्हाळ्यात आपण तिच्यातला थकवा ओळखतो, थंडीत वादळच लक्षात राहते, निदान माझे तसे झाले.

दिनदर्शिकेवर फार विसंबू नये, हेही इथेच सांगायला हवे. अर्जेंटिनाचा संगीतकार आस्तोर पियाझोला याने १९६५ ते १९७० या काळात ब्युनोस आयर्सचे चार ऋतू टँगो या तिथल्या नृत्यसंगीताच्या अंगाने रचले. त्या शहरात जानेवारी हा उन्हाळ्याचा महिना असतो. म्हणून याद्यांना महिन्यांची नावे न देता हवेची नावे द्यावीत: ‘वारा पडलेली दुपार’, ‘सर येऊन गेल्यावर’, ‘धुक्याची सकाळ’, ‘लवकर झालेला अंधार’. प्रत्येक यादीत दहा-बारा रचना पुरतात. तीन आठवड्यांच्या वहीत शेवटपर्यंत ऐकलेल्या म्हणून ज्यांची नोंद आहे, त्याच घ्याव्यात.

यानंतरची सूचना पाळायला सर्वांत अवघड आहे. ऋतू सरला की त्याची यादी बंद करावी आणि तो ऋतू परत येईपर्यंत ती उघडू नये. जे गाणे बारा महिने ऐकले जाते त्याला कोणताच ऋतू चिकटत नाही. जे आठ-नऊ महिने बाजूला राहते ते परत लावताच मागच्या वर्षीचा ओला वास, तेव्हाची खोली, तेव्हा सोबत असलेली माणसे घेऊन येते. यादी बंद करताना तिच्या शेवटी वहीत तारीख आणि त्या दिवशीची हवा लिहून ठेवावी. पुढच्या वर्षी पहिली सर पडली, किंवा पहाटे पहिल्यांदा पांघरूण ओढून घ्यावेसे वाटले, की आधी ते पान वाचावे, खिडकी उघडावी आणि मग पहिले गाणे लावावे.